भिंतीतली खडखड

(स्वयंपाकघर. भिंतीला लागूनच पलीकडे बाथरूम. बाबा आत टबात, बाथरूमच्या दाराला आतून कडी.)

मुलगा : ...मग टबाची पुढची फळी काढली, तर आत सगळं पोकळ! वर पातळ पत्रा आणि खाली नुसती हवा. पाणी गार होईल नाही तर काय होईल?

आई : टबाच्या पोटात काय होतं ते मला नको सांगूस. तू त्यात भरलेला तो पिवळा फोम माझ्या झाडूला चिकटलाय, तो कशानं निघणार ते सांग.

मुलगा : नाही निघणार. एकदा फुगून वाळला की दगड होतो तो.

आई : छान! म्हणजे झाडू गेला.

मुलगा : नवा आणतो गं. झाडूचं काय घेऊन बसलीस? तिकडे बाबा बघ, किती वेळ झाला, एक तक्रार नाही.

बाबा : अगं ए! ऐकतेस का?

आई : ऐकतेय! काय हवंय?

बाबा : काही नकोय! म्हणूनच हाक मारली!

आई : ऐकलंस? काही नको म्हणून हाका मारतोय हा माणूस. लग्न झाल्यापासून असलं काही ऐकलं नव्हतं.

मुलगा : बाबा! टबाचं झाकण घेतलंत का अंगावर?

बाबा : घेतलंय छातीपर्यंत! रजई घेऊन पडल्यासारखं वाटतंय!

मुलगा : आणि दाराखालची पट्टी? वारा येतोय का आत?

बाबा : काय म्हणालास?

मुलगा : पट्टी! पट्टी!

बाबा : काही कळत नाहीये! अगदी दाबल्यासारखा येतोय आवाज! आता मला हाका मारू नका, पडू द्या जरा. आणि अगं, त्याला सांग, पास झाला म्हणावं! पास!

आई : ऐकलंस ना? तुलाच म्हणाले.

मुलगा : ऐकलं.

आई : अरे, डोळ्यांत पाणी काय आणतोस वेड्यासारखा?

मुलगा : कुठं काय? कांद्यामुळे.

आई : कांदा मी अजून हातात पण घेतलेला नाही. भेंडी चिरतेय मी.

मुलगा : बरं, नाही कांदा. पण बाबांनी कधी मला पास म्हटलंय आठवतं का तुला? शाळेत पहिला आलो तेव्हा म्हणाले, बाकीचे ढ असतील. नोकरी लागली तेव्हा म्हणाले, टिकव म्हणजे झालं.

आई : स्वभाव आहे तो. उभा जन्म बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढण्यात गेला. हाडांत गारठा मुरलाय त्यांच्या, जीभ तरी गरम कशी राहणार? चहा घेतोस?

मुलगा : टाक. बाबांचाही टाक, निघतीलच ते आता.

आई : एवढ्यात कुठले निघतायत! सुट्टीच्या दिवशी टबात बसले की जेवायच्या हाकेशिवाय उठत नाहीत. पण टाकते. वर बशी झाकून ठेवते.

मुलगा : तोपर्यंत आधी गीझर तीन-चारदा चालू व्हायचा. पाणी गार झालं की नळ सोड, पुन्हा गार झालं की पुन्हा सोड. अर्धी वीज त्यातच जायची. आता एकदा भरला टब की झालं. चारी बाजूंनी फोम, तळाला फोम, वरून झाकण. मी काल रात्रभर नुसतं पाणी भरून ठेवलं होतं, सकाळी हात घातला तर कोमट!

आई : सकाळपर्यंत?

मुलगा : सकाळपर्यंत! आहेस कुठं!

आई : म्हणजे आज ते मधे नळ सोडणारच नाहीत?

मुलगा : कशाला सोडतील? तेच तर वाचवायचं होतं.

आई : म्हणून ही भिंत आज गप्प आहे होय. मी मघापासून म्हणतेय, काय चुकल्यासारखं वाटतंय.

मुलगा : भिंत तशीही गप्पच राहणार आता. गरम पाण्याचा पाइप त्या भिंतीत सुटा लोंबत होता, म्हणून नळ सोडला की खडखड, खडखड. लहानपणापासून वैताग आणला होता त्यानं. त्यालाही गुंडाळलं आणि पट्ट्या ठोकून गच्च आवळून टाकलं. आता नळ सोडला काय आणि नाही काय, इकडे मुंगीच्या पावलाएवढा आवाज यायचा नाही.

आई : मला विचारायचंस तरी.

मुलगा : त्यात काय विचारायचं?

आई : काही नाही. चहा घे. साखर बघ पुरेशी आहे का.

मुलगा : आहे. आई, तू अशी भिंतीकडे काय बघतेस?

आई : कुठं बघतेय? ...अहो! चहा झालाय!

मुलगा : अगं, पडू दे की त्यांना. आत्ताच म्हणाले ना, हाका मारू नका.

आई : नुसतं ओ तरी द्यावं माणसानं.

मुलगा : ऐकू गेलं नसेल. दाराच्या चारी कडांना रबर बसवलंय मी, खिडकीची फट बुजवलीय. वाफ बाहेर जायला नको म्हणून.

आई : सगळंच बुजवलंस म्हणजे.

मुलगा : हे बघ, आता तू सुरू नको होऊस. इतक्या वर्षांनी एक काम धड झालंय हातून. त्यांनी नावाजलं, तर आता तुझ्या तोंडाची चव का गेली?

आई : नाही रे. काम छान झालंय. मी नाही म्हणतेय का?

मुलगा : मग?

आई : मागच्या वेळी मी दार वाजवलं होतं, तर बाहेर येऊन किती चिडले होते! मला काय लहान पोर समजतेस, म्हणाले. दोन दिवस अबोला. म्हणून मी वाजवत नाही. नाकावर राग असतो त्यांच्या.

मुलगा : मग नको वाजवूस.

आई : वाजवायची गरजच पडत नव्हती रे मला.

मुलगा : म्हणजे काय?

आई : मी इथं कामं करत असायचे. थोड्या वेळानं भिंत खडखडायची. मला कळायचं, हे जागे आहेत, नळ सोडला. मग पुन्हा खडखडायची. माझं काम चालूच असायचं, पण कान तिथंच. त्यांना नाही कधी सांगितलं. सांगितलं असतं तर मुद्दाम नळ सोडला नसता, तेवढा हेकट माणूस आहे तो.

मुलगा : जागे आहेत म्हणजे? टबात झोपतात की काय ते?

आई : भाजी करपेल, गॅस बारीक कर.

मुलगा : आई, भाजी अजून गॅसवर ठेवलेलीच नाहीये. झोपतात का ते टबात?

आई : दुखण्याची गोळी घेऊनच बसतात ना. गुंगी येते तिच्यानं. डोळा लागतो जरासा.

मुलगा : आणि हे तू मला आज सांगतेस?

आई : त्यांनीच बजावलं होतं. पोराला कळलं तर आधी टब काढून भंगारात देईल, म्हणाले. तेवढं एकच सुख राहिलंय मला, ते घालवू नकोस. काय करणार होते मी? आणि त्यांना कधी काही झालं नाही. पाणी गार झालं की आपोआप जाग यायची.

मुलगा : पाणी गार झालं की?

आई : हो. एकदा तर पार नाकापर्यंत घसरले होते. पण पाणी थंडगार झालं होतं, दचकून उठले. मलाच हसून सांगत होते, मी बर्फातला माणूस, मला गारठा मरू देत नाही.

मुलगा : आई.

आई : एवढा पांढरा नको पडूस. दोन मिनिटांपूर्वी बोललेत ते.

मुलगा : दोन मिनिटं नाही झालेली. बाबांच्या कपावरची बशी काढ. बघ चहा.

आई : ...गार झालाय.

मुलगा : बाबा! बाबा!

आई : जोरात मार हाक. माझा आवाज नाही पोचत.

मुलगा : बाबा, ओ द्या! अहो बाबा! आई, तू ये इकडे, दाराला कान लाव. मला नुसते माझे ठोके ऐकू येतायत.

आई : काहीच नाही रे. पाणी हलल्याचा पण आवाज नाही. अहो! मी दार वाजवतेय हं! रागवायचं असेल तर रागवा! अबोला धरा, महिनाभर धरा, पण आत्ता बोला!

मुलगा : सरक. कडी वरची आहे की खालची?

आई : वरची लावतात. खालची गंजलीय.

मुलगा : दार हलतच नाहीये! रबर इतकं गच्च बसलंय... मीच बसवलंय, मीच...

आई : ते नंतर. खांदा लाव. वरच्या बाजूला लाव खांदा. मी हँडल धरते.

मुलगा : एक... आणखी एकदा...

आई : सुटली कडी. सुटली! ढकल!

मुलगा : केवढी वाफ! दिसत नाहीये काही. बाबा? झाकण तसंच आहे, आई. झाकण आहे, पण बाबा कुठं... डोकं नाहीये वर.

आई : खाली आहेत. झाकण फेकून दे आणि आधी डोकं वर काढ त्यांचं!

मुलगा : काढलं. धरलंय. जड आहेत गं, निसटतायत.

आई : मी पाय धरते, तू काखेतून धर. असं. बाहेर घे. पायपुसण्यावर ठेव, हळू, डोकं आपटेल. श्वास बघ.

मुलगा : नाहीये.

आई : नीट बघ.

मुलगा : नाहीये गं! मी छाती दाबतो. तू फोन कर, अँब्युलन्सला फोन कर, आणि शेजारच्या नर्सताईंना हाक मार!

आई : करते. तू थांबू नकोस. ...हॅलो? हो, घरी. बुडालेत... आंघोळीच्या टबात. होय हो, टबातच. लवकर या, पत्ता सांगते, लिहून घ्या... नर्सताई! अहो नर्सताई! कुणी आहे का?

मुलगा : त्या नसतील घरी. दुपारपाळीला जातात. आई, तोंडातून पाणी आलं! आलं बघ!

आई : दाब, दाबत राहा.

मुलगा : उठा ना बाबा. उठा. मी सगळं काढून टाकतो, सगळा फोम खरवडून काढतो, तुम्ही उठा फक्त. शिव्या द्या मला. नापास म्हणा.

आई : राजा.

मुलगा : येतोय, श्वास येतोय बहुतेक.

आई : नाही येत रे. मी कधीची हात धरून बसलेय त्यांचा. ओठ बघ कसे झालेत.

मुलगा : पण अंग गरम आहे! हात लावून बघ ना तू, गरम आहे! असं कसं म्हणतेस? माणूस गेला की गार होतो!

आई : ते पाण्यानं आहे, सोन्या.

मुलगा : तू सरक, मला दाबू दे.

आई : पाण्यानं गरम आहे अंग. बास आता. फासळ्या मोडशील त्यांच्या. येतील ती माणसं, ती बघतील काय करायचं ते.

मुलगा : मी मारलं त्यांना.

आई : गप्प बस. पुन्हा असं बोललास तर माझ्याशी गाठ आहे. तुला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ती आम्ही दोघं, आणि दोघंही तुझ्यापासून लपवत बसलो.

मुलगा : त्यांना थंडी वाजू नये म्हणून केलं गं मी. वीज वगैरे नंतर. दर वेळी टबातून कुडकुडत बाहेर यायचे ते.

आई : माहितीये मला. तो टॉवेल दे. मोठा दे, तो नको. पुसू दे त्यांना. असं ओलं ठेवायचं नाही.

मुलगा : आई, ते खरंच म्हणाले होते ना मघाशी? मला भास तर नाही झाला?

आई : म्हणाले होते. पास झाला म्हणाले, दोनदा म्हणाले. भिंतीतून मी शेवटचं तेच ऐकलं.