पेस्त्काची कात

(शनिवार दुपार. पोलंडमधल्या एका फ्लॅटची बाल्कनी. अकरा वर्षांची यागोदा शनिवार-रविवार बाबांकडे, लेशेककडे, राहायला येते. बाबांसोबत आता इवोना राहते.)

यागोदा : नाही बाबा, आधी इकडे ये. हे हातात घे.

लेशेक : अगं, कुंडी कशाला उकरलीस? सूप निवतंय तिकडे.

यागोदा : तुझी इवोना ही कुंडी टाकून देणार होती. म्हटलं, आधी पेस्त्काला काढून घेऊ.

लेशेक : मेलेला कोळी तो. राहू दे की मातीत.

यागोदा : मेलेला? उजेडात धर. पाय पोकळ आहेत. डोक्यावरचं झाकण उघडं आहे. कात आहे ही!

लेशेक : असेल बाई. मला काय कळतंय त्यातलं?

यागोदा : मलाही तेव्हा कुठे कळत होतं! माझ्या नावाच्या संताच्या दिवशी, नामदिनाची भेट म्हणून तूच घेऊन दिलीस ना? म्हणालास, नवशिक्याला उड्या मारणारा कोळीच बरा, भुंकत नाही की चावत नाही. मग ती जाळ्याची पिशवी विणून आत बसली, खाईना, हलेना. तू म्हणालास, गेली. कात टाकत होती ती! आता कुठंय?

लेशेक : हे बघ...

यागोदा : कुठंय, बाबा?

लेशेक : कारखान्यातल्या वितेकला दिली. नीट सांभाळतो तो. इवोनाला किळस येते गं. म्हणाली, एक तर तो कोळी, नाहीतर मी.

यागोदा : मग तसं सांगायचंस!

लेशेक : तू रडून घर डोक्यावर घेतलं असतंस.

यागोदा : मग रडले नाही का मी? सर्व संतांच्या दिवशी आजोबांच्या कबरीवरून आलो, उरलेला दिवा आपण इथे लावला. तू टोपी काढून उभा राहिलास. कातीसमोर! हसू नाही आलं तुला?

लेशेक : नाही गं. लाज वाटत होती.

यागोदा : आणि तरी गप्प बसलास. या घरात माझं म्हणून तेवढंच होतं. आईला मी फुशारकीने सांगायचे, बाबा माझी पेस्त्का सांभाळतो म्हणून.

लेशेक : चुकलं माझं. चल, कोट घाल. आत्ता जाऊन घेऊन येऊ.

यागोदा : आणि ठेवणार कुठे?

लेशेक : बघू... काहीतरी करू.

यागोदा : नको. मला आईकडे सोड.

लेशेक : आजच? उद्यापर्यंत आहेस ना तू! आईला काय सांगू मी?

यागोदा : सांग, यागोदाला ताप आला. खोटं छान जमतं तुला.