पाच मिनिटांचं लॉक

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक आजी उभ्या होत्या, रिकाम्या हातांनी.

“मशीन आणलं नाहीत, आजी?” दुकानदारानं विचारलं.

“हे त्याच्यासमोरून हलतच नाहीत. लिनक्स आहे त्यावर. दर पाच मिनिटांनी स्क्रीन लॉक होते. मी सेटिंगमध्ये ‘कधीच नाही’ केलं, तरी होतेच.”

“ते सेटिंग स्क्रीन काळी होण्याचं झालं. लॉकचं सेटिंग वेगळं असतं. पण पाच-पाच मिनिटं कुणी हातच लावत नाही का?”

“अर्धांगवायू झालाय त्यांना. वाचाही गेली. एका बोटानं लिहितात. एक अक्षर सापडेपर्यंत लॉक पडतं, मग पासवर्ड टाकण्यातच दमून जातात.”

“तो तुम्ही टाकत जा की.”

“मला कुठे माहितीये? लॉक माझ्यासाठीच तर लावलं होतं. मी त्यांचं लिहिलेलं वाचू नये म्हणून.”

“मग काढायचं कसं, आजी? सगळं उघडं पडेल तुमच्यापुढे. त्यांना विचारलंत?”

“काल सकाळपासून लिहीत बसले होते. संध्याकाळी मला खुणेनं बोलावून दाखवलं. दोनच शब्द.”

“काय लिहिलं होतं?”

“‘काढ. वाच.’”