नागनाथची रौडी शीट आणि मायचा इतवार

मी चंपत भगवानराव ठमके, वय २३, धंदा सध्या ट्रकवर क्लीनर, राहणार तलमडुगु, जि. आदिलाबाद, आज मंगळवार ता. ११-२-१९९७ रोजी ठाण्यात समक्ष हजर राहून लिहून देतो की, हा जबाब मी दोन महिने टाळला. जबाबाची नोटीस खिशात घेऊन किनवट, नांदेड, पुढे नागपूरपर्यंत फिरलो. नागपूरला संत्र्याच्या मंडीत एक माणूस डोळे झाकून... ठाण्याचे हेड कॉन्स्टेबल साहेब म्हणतात, "कथलु चेप्पकु रा, गोष्टी सांगू नको, मुद्द्यावर ये." येतो.

सवाल असा, की माझा थोरला भाऊ नागनाथ अजून रौडी आहे काय. सन १९९० मध्ये त्याने बाजारात दोघांना बडवलं, तेव्हा ठाण्यात त्याची रौडी शीट, म्हणजे गुंडांच्या यादीतला कागद, उघडली. तेव्हापासून दर इतवारी इथं येऊन सही. गावात त्याचं नाव कोणी घेत नाही. मायला 'रौडीची माय' म्हणतात. सुधाकरराव गुरुजींनी डिक्शनरीत पाहून अर्थ सांगितला: दंगा, आरडाओरडा करणारा. एवढ्यावर शीट उघडत असतील तर आधी माझी उघडायला पाहिजे.

नागनाथ आदिलाबादला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करतो. सात वर्षांत त्याने कोणावर हात उचलला नाही. मात्र शीट उघडली तेव्हा बापाने त्याला घरातून काढलं, आणि त्याने उंबरठा न चढण्याची शपथ घेतली. बाप वारला, शपथ तशीच आहे. माय मालनबाई दर इतवारी ठाण्याच्या चिंचेखाली भाकर घेऊन बसते. तो सही करतो, जेवतो, फडकं झटकून परत देतो, बस धरतो. बोलणं फार नाही. "तिखट झालं का?" "नाही."

काल माय म्हणाली, "चंपत, रौडीच हाय म्हणून लिहून दे."

"माय, तो आता कोणाले मारत नाही."

"मंग मी इतवारी कुठं जाऊ?"

तरी खरं ते लिहितो. माझा भाऊ रौडी नाही. शीट बंद करावी. विनंती एकच, त्याला इतक्यात कळवू नये.

हेड साहेब म्हणतात, शीट बंद करायचं आधीच ठरलं, जबाब नुसता कागदाला हवा; त्याला परवा इतवारीच सांगून टाकलं, आता यायची गरज नाही. परवा तो मायजवळ जेवला. तिला हे सांगितलं नाही.

वरचा मजकूर माझ्याच हाताचा. हेड साहेबांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला, बरोबर आहे. सही करतोय तोवर नागनाथ फाटकातून आत आला आहे. आज मंगळवार. त्याने चिंचेखाली पाहिलं, मग मला विचारलं, "माय घरी हाय का?"