विहंगचा डावा कान

थाटीपुरच्या कानाच्या दवाखान्यात शरयूताई नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. समोरच्या बाकावर एक गिटारवाला आणि त्याची थोरली बहीण बोलत होती. बहिणीचा आवाज इतका चढा होता की शरयूताईंना सगळं ऐकू येत होतं.

“विहंग, डॉक्टरांना सांग, बारमध्ये वर्षानुवर्षं स्पीकरला चिकटून वाजवलंस.”

“बारला दोष नको देऊ, ताई. तिथे लोक जेवण थांबवून ऐकायचे. लग्नांत कोण ऐकतं?”

“पाडतायत म्हणे तो बार.”

“हो. आमच्या बँडच्या विक्रमसिंहजींचा मेसेज आला. शनिवारी सगळे जुने मिळून शेवटचं वाजवू म्हणतात.”

“मग?”

“येतो म्हणून लिहिलं.”

“अरे, वाजवणार कसा?”

“डावा कान चालतो अजून.”

“मी डावीकडेच बसलेय, विहंग. आणि तू माझ्या ओठांकडे बघतोयस.”

त्याने आपला मोबाइल तिच्या हातात दिला.

“मग त्यांना तूच फोन कर. म्हणावं, विहंग गावात नाही.”

“खरं सांगून टाक ना.”

“नको. त्यांनीच मला तिथे उभं केलं होतं.”

“आणि शनिवारी घरात बसून राहशील?”

“नाही. जाईन. रस्त्यापलीकडे उभा राहीन. काचेतून सगळे वाजवताना दिसतात.”