थकलेल्या माणसाचा शनिवार

...आणि वर मलाच म्हणतात, ‘सर, तुम्ही जरा आराम करत जा!’ कोण म्हणतं? आमच्या मोठ्या बाई! मुख्याध्यापिका! सव्वीस वर्षांत ज्यांनी मला धड टेकू दिलं नाही, त्या! तुम्हाला सांगतो, मी गणिताचा मास्तर. नेमणुकीच्या पत्रावर स्वच्छ लिहिलंय, विषय गणित. त्यात गायन नाही, फुटबॉल नाही, नाटक नाही, बाग नाही, भित्तिपत्रक नाही, आणि हरवलेल्या वस्तूंचं कपाट तर नाहीच नाही. पण आमची शाळा पडली छोटी. चर्चच्या आवारातली मिशनची शाळा, सगळे वर्ग मिळून पट अडुसष्ट, शिक्षक सहा, आणि मोठी खोली एकच. सकाळी प्रार्थनेला तीच चॅपेल, दुपारी डबे खायला तीच, तीननंतर बाकं भिंतीला लावली की तीच व्यायामशाळा. खोलीचं आणि माझं नशीब एकाच हातानं लिहिलंय म्हणा ना!

कुठलंही नवीन काम निघू द्या. शिक्षकांची बैठक बसते, पाच जण खाली बघतात, मीही बघतो हो, मी काय वेडा आहे? पण बाई चष्मा वर सरकवतात आणि गोड आवाजात म्हणतात, ‘एवढी काय चिंता करायची? सर, तुम्ही आहातच की!’ झालं! आहातच की! आता मी आहे, हा काय माझा गुन्हा झाला का?

बरं, पोरंही तीच तीच. गायनाला बावीस, फुटबॉलला अकरा, नाटकाला पंधरा, आणि हे सगळे मिळून माणसं किती? बावीसच! आमची गोलकीपर मुलगी तीच वरच्या पट्टीत गाणारी. शनिवारी सामन्यात ओरडून ओरडून तिचा घसा बसला की रविवारच्या उपासनेतलं गायन बोंबललं. मग पाळकसाहेब मला विचारणार, ‘मास्तर, वरचा सूर कुठं गेला?’ काय सांगू? मैदानात गेला!

आता या सगळ्याचं मला काही नव्हतं. सवय झाली होती. पण चार महिन्यांपूर्वी मी आजोबा झालो. मुलीला मुलगी झाली. मुलगी राहते चार तासांवर, सकाळी सातची बस, अकराला पोच, आणि संध्याकाळी सहाच्या बसनं परत. एका दिवसाचं काम! पण तो दिवस शनिवार पाहिजे, कारण रविवारी सकाळी उपासनेत गायन आमचं. आणि शनिवार म्हणजे उपक्रम. आमची ही दोनदा एकटी जाऊन आली. नातीला मी बघतो ते फोनवर. तेही काय दिसतं, तर अर्धा कान आणि एक मूठ. तुम्हाला सांगतो, चार महिन्यांची झाली पोर आणि मी अजून तिला मांडीवर घेतलेली नाही. ही काही बोलत नाही. नुसती पिशवी भरताना म्हणते, ‘याही वेळी माझं एकटीचंच तिकीट ना?’ हे असं शांतपणे म्हटलं ना, की माणसाला भांडताही येत नाही.

तर आमच्याकडे एक पद्धत आहे. प्रार्थनेच्या खोलीत एक पत्र्याचा डबा ठेवलाय. ज्याला जी अडचण असेल त्यानं चिठ्ठीवर लिहायची, नाव नाही घातलं तरी चालतं, आणि डब्यात टाकायची. सोमवारी सकाळी पाळकसाहेब एक चिठ्ठी काढतात, मोठ्यानं वाचतात, आणि एका वर्गाच्या ओटीत घालतात. त्या वर्गानं आठवडाभर तिच्यासाठी प्रार्थना करायची. इथपर्यंत ठीक. पण पाळकसाहेबांचं म्हणणं, ‘नुसते डोळे मिटून भागत नाही, बाळांनो, उठून काहीतरी करा!’ आणि आमची पोरं करतात हो! मागं कोणीतरी लिहिलं, आजीचा गुडघा दुखतो. अख्खी पाचवी आठवडाभर रोज त्या आजीकडे. ‘आजी, गुडघा कसाय? आजी, आता कसाय?’ शुक्रवारी आजीनं निरोप धाडला की गुडघा एकदम बरा आहे, कृपा करून डोक्याला आराम द्या.

हे सगळं माहीत असून मी काय करावं? मी चिठ्ठी टाकली! छप्पन्नाव्या वर्षी माणसाची बुद्धी अशी फिरते. लिहिलं, ‘एका थकलेल्या माणसाला एक शनिवार मोकळा मिळावा.’ बस. नाव नाही. अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हातानं लिहिलं. घामाघूम झालो, पण लिहिलं. डब्यात टाकली आणि मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

सोमवारी नेमकी तीच चिठ्ठी निघाली. पाळकसाहेबांनी वाचली. आणि अडुसष्ट माना वळल्या... माझ्याकडे! मीही मागं वळून पाहिलं, म्हटलं मागं कोण उभंय? मागं भिंत! सातवीची ती पोरगी, जिला आम्ही वकीलसाहेब म्हणतो, शिक्षासुद्धा दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय घेत नाही, ती उठली आणि म्हणाली, ‘पाळकसाहेब, चिठ्ठीला समास आखलेलाय ना? पट्टीनं?’ होता. ‘आणि शेवटी खाली दोन रेघा मारल्यात?’ मारल्या होत्या. अहो, सव्वीस वर्षं उत्तराखाली दोन रेघा मारून मारून हाताला वळण लागलंय, तो डावा असो का उजवा! वकीलसाहेब खाली बसल्या. निकाल लागला. पहिलीतली एक चिमुरडी मोठ्यानं म्हणाली, ‘सर थकले?’ खरं सांगतो. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

चिठ्ठी गेली सातवीकडे. अकरा पोरं. त्यांनी मधल्या सुट्टीत ठराव केला, सरांना मोकळा शनिवार मिळवून द्यायचा, सरांची सगळी कामं आपण वाटून घ्यायची. मी म्हटलं, देवा, पावलास! पण आमच्या शाळेचा नियम असा की मुलांचा कुठलाही उपक्रम शिक्षकांच्या देखरेखीशिवाय चालणार नाही. वकीलसाहेब गेल्या बाईंकडे, ‘बाई, सरांना विश्रांती द्यायच्या उपक्रमाला शिक्षक कोण?’ आणि बाई... चष्मा वर... ‘त्यात काय विचारायचं? सर आहेतच की!’

म्हणजे बघा! मला विश्रांती मिळावी म्हणून जी समिती निघाली, तिचा प्रमुख मी! आणि समितीची बैठक कधी? सोमवार-बुधवार गायन, मंगळवार-गुरुवार फुटबॉल, शुक्रवार बाग. उरला शनिवार! सगळ्या उपक्रमांच्या नंतर, जादा! पहिल्या शनिवारी मी त्यांना शिकवलं बाकं कशी लावायची. दुसऱ्या शनिवारी गायनाच्या वह्या आणि फुटबॉलचे पंप. तिसऱ्या शनिवारी हरवलेल्या वस्तूंचं कपाट, आणि त्यात मला माझीच दोन वर्षांपूर्वी हरवलेली छत्री सापडली. तिच्यावर मीच चिठ्ठी चिकटवलेली, ‘मालक अज्ञात.’ घरी ही म्हणाली, ‘अहो, पूर्वी शनिवारी तुम्ही चारला तरी यायचात!’ मी हात टेकले.

पण पोरं शिकली हो. खोटं कशाला बोलू? चौथ्या शनिवारासाठी सगळं तयार. गायनाला वकीलसाहेब, मैदानात गोलकीपर, बागेला आणखी एक पोरगी. बाईंनी स्वतः सांगितलं, ‘सर, देखरेख मी करते, या शनिवारी तुम्ही शाळेत दिसलात तर बघा!’ मी तिकिटं काढली. दोन. हिनं ती तिकिटं दोनदा उलटून पालटून पाहिली. आदल्या दिवशी मी बाजारात जाऊन खुळखुळा आणला. दुकानदार म्हणाला, ‘किती महिन्यांचं बाळ?’ मी म्हटलं, ‘चार. उद्या मी प्रथमच...’ दुकानदारानं आपलं गुपचूप बांधून दिलं.

शनिवार उजाडला. पावणेसातला स्टॅंडवर. बस लागलेली. ही आत जाऊन खिडकीजवळ बसली, मी पिशव्या वर ठेवल्या, खुळखुळ्याचं खोकं तेवढं काखोटीला धरलं, आणि टेकणार इतक्यात खालून आवाज, ‘सsssर!’ बघतो तर काय... अख्खी शाळा! अडुसष्टच्या अडुसष्ट! गणवेशात! रांगेत! पुढं बाई, पाळकसाहेब, आणि वकीलसाहेबांच्या हातात कागद. ‘सर, निरोप समारंभ! दोनच मिनिटं खाली या!’ अरे, मी काय परदेशी चाललोय? संध्याकाळी परत येणार! पण बावीस जण गायला उभे राहिलेले, त्यांना नाही कसं म्हणायचं? कंडक्टरला म्हटलं, ‘दोन मिनिटं हं.’ तो म्हणाला, ‘सातला सुटणार, मास्तर.’ मी उतरलो.

गाणं झालं. चार कडवी. वरचा सूर छान लागला, सांगायला हरकत नाही. सातला तीन मिनिटं होती. मी पायरीवर पाऊल ठेवलं, तोच पाळकसाहेब म्हणाले, ‘मास्तरांच्या सुखरूप प्रवासासाठी आपण प्रार्थना करू या.’ आणि सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. आता पाळकसाहेबांची प्रार्थना तुम्हाला माहीत नाही. प्रवास म्हटला की ते मुळापासून निघतात. रस्त्यासाठी प्रार्थना, पुलासाठी, ड्रायव्हरच्या नजरेसाठी, चाकांसाठी, चाकातल्या हवेसाठी... आणि मला ऐकू आलं, बस सुरू झाली.

तुम्हाला सांगतो, असा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये. डोळे मिटलेले, इंजिन घरघरतंय! उघडावे का डोळे? अहो, सव्वीस वर्षं मी रोज सकाळी या पोरांवर ओरडलोय, ‘प्रार्थनेत डोळे उघडायचे नाहीत! काही झालं तरी!’ तरी हिंमत करून एक डोळा किलकिला केला. समोर दुसरीतली एक पोरगी, तिचे दोन्ही उघडे, माझ्याकडे टक लावून बघतेय! कुजबुजली, ‘सर... डोळे!’ मिटला मी. काय करणार? दार बंद झाल्याचं ऐकलं. म्हटलं, ही आहे आत, ही हाक मारेल, बस थांबवेल. पाळकसाहेब नातीपर्यंत आले, तिच्या आयुष्यासाठी, आरोग्यासाठी, दातांसाठी मागितलं, आणि म्हणाले, ‘आमेन.’ आमेन! डोळे उघडले. समोर नुसता धूर.

आणि ही? ही चर्चच्या घंटेवाल्याची लेक! प्रार्थनेचा आवाज कानावर पडल्याबरोबर तिनंही सीटवर बसल्या बसल्या हात जोडले, डोळे मिटले! आमेन म्हणून उघडले तेव्हा बस पुलाच्या पलीकडे.

मग पहिलीतल्या त्या चिमुरडीनं भोकाड पसरलं, तिचं बघून दुसरीनं, आणि वकीलसाहेब, ज्या कधी रडत नाहीत, त्यांची हनुवटी थरथरायला लागली. ‘सर, आमच्यामुळं...’ आता सांगा, मी रडायचं की त्यांचं पुसायचं? दुपारी दोनची बस होती, पण ती सहाला पोचणार आणि परतीची शेवटची सहालाच सुटणार. मी मनातल्या मनात गणित मांडलं, तेवढं येतं मला. नात म्हणजे बसच्या दारातून हात हलवून परत. मी म्हटलं, ‘रडू नका रे. गाणं फार छान झालं.’ आणि खोटं नव्हतं ते. बाईंनी चष्मा काढून पुसला. पाळकसाहेब बुटांकडे बघत राहिले. मग बाई हळूच म्हणाल्या, ‘मुलांना रस्ता ओलांडून परत न्यायला हवं... कोण...’ आणि पुढं त्यांना बोलवेना. पहिल्यांदा! म्हटलं, ‘बाई, बोला. मी आहेच की.’

तेवढ्यात हिचा फोन. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. पण नाही हो, शांत आवाज. त्याचीच तर भीती वाटते! म्हणाली, ‘अहो, तुमचं तिकीट शेजारी बसलंय. ऐका, माझ्या एक लक्षात आलंय. तुम्ही काही नातीला भेटायला यायचे नाही. तुम्हाला रोज कोण भेटतं? त्या शाळेतली पोरं. तेव्हा तिचंच नाव तुमच्या शाळेत घाला, म्हणजे पोरीला आजोबा मिळतील.’ फोन ठेवला.

मी हसत होतो का रडत होतो, माझं मलाच कळेना. बाई शेजारीच उभ्या, सगळं ऐकलेलं. त्यांनी पर्स उघडली, आत हात घातला, आणि तुम्हाला सांगतो, प्रवेशाचा कोरा अर्ज काढला! ‘बालवाडीला तीन वर्षं आहेत म्हणा अजून,’ म्हणाल्या, ‘पण ऐन वेळी धावपळ नको.’

काय करता! खुळखुळ्याच्या खोक्यावर ठेवून भरला मी तो. समास आखून.