पिचकारी धुण्याची सवय

आदरणीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरच्या डॉक्टरबाई, संचालक मंडळी आणि समोर बसलेल्या माझ्या गोठेवाल्या भावाबहिणींनो,

हातात पुष्पगुच्छ आहे, म्हणून नमस्कार मनातूनच केला असं समजा. अध्यक्षसाहेबांनी आत्ता इतकं कौतुक केलं की मलाच वाटलं, हा कोण बुवा थोर माणूस! म्हणाले, एकतीस वर्षं लस टोचली, एकाही गाईला गळू झालं नाही. खरं आहे. गुपित सांगू? प्रत्येक पिचकारी जंतुनाशकानं धुवायची, मगच लस भरायची. आमची ही म्हणते, संसारापेक्षा पिचकाऱ्या जास्त सांभाळल्यात. हसा, हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

यंदा लस बदलली. गाईंच्या श्वासाच्या त्या आजारावरची, नाकपुडीत सोडायची, जिवंत लस. आजार मोठा लबाड. गाय बरी झाली असं वाटतं, पण विषाणू अंगात दडून बसतो. प्रवासाचा ताण पडला की पुन्हा उठतो, शेजारणीला लागतो, आणि गाभण गाय गाभडते, वासरू पोटातच जातं. डॉक्टरबाईंनी मला बजावलं होतं, "काका, पिचकारी नुसत्या उकळलेल्या पाण्यानं धुवा. जंतुनाशकाचा थेंब राहिला तरी लसच मरते." मी हो हो म्हणालो. मनात म्हटलं, कालची पोर मला शिकवते!

आज दुपारी नव्या माणसाला कपाट ताब्यात द्यायला उघडलं. लसीकरणाच्या आदल्या दिवशी फोडलेली जंतुनाशकाची बाटली तळाला गेली होती. हातांनी सवयीनं आपलं काम उरकलं होतं, डोक्याला विचारलंच नव्हतं. म्हणजे तुम्हाला वाटायला संस्थेनं आणलेल्या चाळीस गाभण गाईंच्या नाकात मी मेलेली लस सोडली. धावत गोठ्यात गेलो. पांढऱ्या कपाळाच्या गाईचं नाक लालबुंद झालंय. ती खोकत होती आणि तिच्या शेजारचीही.

मग दुपारीच का बोलला नाहीस, असं विचाराल. लाज सोडून सांगतो, मला हा निरोपाचा समारंभ हवा होता. थोरल्या बहिणीला मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलंय, भावाचं कौतुक ऐकायला. उद्या सकाळी या चाळीस गाई चाळीस दारांत जायच्या आहेत. एक तिच्याही दारात, जिथं आधीच सहा गाभण बांधलेल्या आहेत. ताई, अशी बघू नकोस गं.

अध्यक्षसाहेब, मघापासून तुम्ही मागे वळून बघताय, कोण खोकतंय म्हणून. व्यासपीठाच्या मागे कुणीच नाही. त्या भिंतीपलीकडे गोठा आहे.

आपण मला एकतीस वर्षं सांभाळलंत, त्याबद्दल सर्वांचे आभार. भाषणाच्या शेवटी चुकांची माफी मागायची रीत आहे. आजवर मी ती तोंडदेखली मागत आलो, आज खरी मागतो. डॉक्टरबाई, तुमची सगळ्यात आधी.

टाळ्या नकोत. बाहेर उद्यासाठीच्या गाड्या येऊन उभ्या आहेत, ड्रायव्हरांना रिकामं परत पाठवा. बाई, तुम्ही आधी गोठ्यात चला. दुपारी दोघीच खोकत होत्या. आता मला पाच आवाज वेगवेगळे ऐकू येतायत.