गरम इंजिनाचं माप

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, क्लबचे आजी-माजी पदाधिकारी, ज्यांची इंजिनं मी उघडली ते सगळे चालक, ज्यांची उघडायची राहिली ते भाग्यवान, आणि जमलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मघापासून माझ्याबद्दल इतकं चांगलं ऐकतोय की या माणसाला एकदा भेटावं असं मलाही वाटायला लागलंय. निरोपाच्या दिवशी कुणाचे दोष काढायचे नसतात, हे मान्य. पण सव्वीस वर्षं मी क्लबचा तपासनीस म्हणून दुसऱ्यांचे दोष काढण्याचंच काम केलं. सवय एका दिवसात कशी जाणार?

आपल्या ड्रॅग रेसमध्ये काय असतं? सरळ रस्ता, दोन गाड्या, जेमतेम पंधरा सेकंदांचा खेळ. त्या पंधरा सेकंदांसाठी लोक काय काय करतात, ते मला विचारा. एका पठ्ठ्याने आग विझवायच्या नळकांड्यात नायट्रस, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा बंदी असलेला वायू, भरून आणला होता. मी म्हटलं, "बाबा रे, आग लागली तर विझवणार कशाने?" तो म्हणाला, "साहेब, तोवर जिंकलेलो असेन." असल्या लोकांना मी बाहेर काढलं आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. तुम्ही मला पाठीमागे 'मिलिमीटर' म्हणता, तेही मला ठाऊक आहे.

आता मुद्द्यावर येतो. माझी ओळख करून देताना अध्यक्षांनी माझं एक वाक्य सांगितलं, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. "इंजिन गरम असो की गार, खोटं ते खोटंच." अकरा वर्षं हे वाक्य क्लबमध्ये फिरतंय. नव्या मुलांना ते कुणाला उद्देशून म्हटलं होतं, ते माहीतही नसेल. आमच्या मास्तरांना.

मास्तर तांत्रिक शाळेत इंजिनदुरुस्ती शिकवायचे. जुनी गाडी त्यांनी घरामागच्या शेडमध्ये चार वर्षं खपून उभी केली. वहिनी दिवा धरून उभ्या राहायच्या आणि हात दुखला की शिव्या घालायच्या, असं मास्तरच हसत सांगायचे. त्या वर्षी त्यांनी अंतिम फेरी जिंकली. दुसऱ्या आलेल्या चालकाने आक्षेप घेतला. तो त्याचा हक्कच होता. अध्यक्ष महोदय, तुम्ही मान खाली घालू नका. आक्षेप तुम्ही घेतलात, माप मी घेतलं.

नियम काय होता? इंजिन उघडायचं, ते पूर्ण गार होऊ द्यायचं, मग सिलिंडरचा व्यास मोजायचा. धातू तापला की फुगतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. निदान दोन तास थांबायचं, हे कलम मी स्वतः लिहिलेलं. पण त्या दिवशी मैदान रिकामं करून द्यायचं होतं, बक्षीस द्यायला आलेले पाहुणे घड्याळाकडे बघत होते, लोक आरडाओरडा करत होते. अर्धा तासही झाला नव्हता. मी मोजलं. सहा शतांश मिलिमीटर जास्त. म्हणजे केसाच्या जाडीएवढं.

मास्तर हळूच म्हणाले, "साहेब, जरा गार होऊ द्या ना."

तेव्हा मी ते वाक्य टाकलं. मोठ्याने. लोक हसले, टाळ्या पडल्या. मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

मास्तर अपात्र ठरले, दोन वर्षांची बंदी आली. इंजिन रात्रभर आमच्या तपासणीच्या खोलीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच होतो. का कोण जाणे, गेज काढला आणि पुन्हा मोजलं. माप नियमात होतं. मी सात वेळा मोजलं. सातही वेळा नियमात. मग गेज पुसून पेटीत ठेवला. दुपारी मास्तर आले, इंजिन घेऊन गेले. मी त्यांना पावतीवर सही कुठे करायची तेवढं दाखवलं.

पुढच्या सभेत सांगू, असं मी ठरवलं होतं. पुढच्या सभेत माझ्या कडक शिस्तीबद्दल अभिनंदनाचा ठराव झाला. आता उठून काय सांगणार?

मास्तरांनी फेरमोजणीसाठी तीन अर्ज केले. तिन्हींवर मी लिहिलं, "क्लबच्या ताब्यातून गेलेले इंजिन पुन्हा मोजता येत नाही. नामंजूर." नियमाला धरूनच होतं हो! नियमाच्या आड लपायचं कसं, हे नियम लिहिणाऱ्यापेक्षा जास्त कुणाला कळतं?

शाळेत पोरांनी फळ्यावर लिहून ठेवलं, "मास्तर, गरम की गार?" एकदा नाही, वर्षभर. शेवटी मास्तरांनी वर्कशॉप सोडून कार्यालयातलं टेबल मागून घेतलं. बंदी संपली तरी ते इकडे फिरकले नाहीत.

मागच्या वर्षी ते गेले. मी भेटायला गेलो होतो. वहिनींनी बसायला खुर्ची दिली. खिडकीतून शेडमधली झाकलेली गाडी दिसत होती. वहिनी म्हणाल्या, "ते तुमच्याबद्दल कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. एवढंच म्हणायचे, थोडं थांबायला हवं होतं." तेव्हा तरी मी तोंड उघडायचं की नाही? मी चहा प्यायलो आणि घरी आलो. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

वहिनी आज इथे आल्या आहेत, शेवटच्या रांगेत. "तुमच्या निरोपाला माझं काय काम?" असं म्हणत होत्या. मीच आग्रह केला. मी काय बोलणार आहे, हे त्यांना सांगितलं नव्हतं. तिथेही हिंमत कमीच पडली.

अध्यक्ष महोदय, बाहेरच्या फलकावर त्या वर्षीचा विजेता म्हणून तुमचं नाव आहे. ते बदलावं, अशी माझी लेखी विनंती आहे. अर्ज टेबलावर ठेवतो. हे मानचिन्हही इथेच राहू द्या. त्यावर 'अचूकतेबद्दल' असं कोरलंय, ते घरी नेऊन मी कुठे ठेवू?

आपण सगळ्यांनी वेळ काढलात, प्रेम दिलंत, सव्वीस वर्षं माझा खडूसपणा सोसलात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना अधिकउणं झालं असेल, मानाच्या क्रमात कुणी मागेपुढे झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. एवढीच माफी मी या सभागृहाकडे मागू शकतो. दुसरी ज्यांच्याकडे मागायची होती, ते माझी वाट बघत दहा वर्षं घरी बसले होते.

वहिनी, मास्तरांचं इंजिन नियमात होतं. मला दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं होतं.